औताचा वेळ धुऱ्यावर जातो : काम बदलताना डोकं कुठं अडकतं आणि काय करायचं

उदगीरला तहसीलच्या रस्त्यावर माझं सेवा केंद्र आहे. दीड खणाचं दुकान, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक अंगठ्याचं मशीन आणि मदतीला एक मुलगी. जुलैच्या अखेरीला तिथं अर्धा तास उभं राहून बघा. एकाला सातबारा हवाय, दुसरीला लेकराचा उत्पन्नाचा दाखला. तिसरा पीकविम्याचा अर्ज अर्धा टाकून ओटीपी यायची वाट बघत रेंजसाठी रस्त्यावर गेलाय. चौथा काउंटरवर कोपर टेकून विचारतोय, "ताई, माझं पीएम किसान कामून आलं नाही?"

संध्याकाळी शटर ओढताना मोजलं तर कामं होतात तीस-पस्तीस. दमलेली मात्र मी शंभर कामांची असते.

आमचे अप्पा बैलांवर शेती करायचे. कुळवाची पाळी घालताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : औताचा वेळ तासात जात नाही, धुऱ्यावर जातो. तास म्हणजे औताची सरळ ओळ, तिच्यात बैल आपसूक चालतात. धुऱ्याला, म्हणजे वावराच्या कडेला, आलं की औत उचला, बैल वळवा, पासेला अडकलेला काडीकचरा झाडा, पुन्हा ओळ धरा. आमची दोन वावरं होती, क्षेत्र सारखंच. एक लांब तासाचं. दुसऱ्यातून मधोमध नाला गेलेला, म्हणून आखूड तासाचं. त्या दुसऱ्यात पाळीला अर्धा दिवस जास्त लागायचा. जमीन तेवढीच, बैल तेच, फक्त वळणं दुप्पट.

डोक्याचंही असंच आहे. हे मी अप्पांच्या भरवशावर म्हणत नाही, मानसशास्त्रात यावर शंभर वर्षांपासून काम चाललंय. मी ते वाचायला घेतलं एका चुकीच्या धसक्यानं. ती चूक पुढं सांगते. आधी तुमची खोटी, म्हणजे वळणात मोडणारा वेळ, मोजू.

आधी खोटी मोजा

एक कोरा कागद घ्या. तीन रकाने आखा आणि प्रत्येकात वीस दोनअंकी संख्या लिहा, कोणत्याही. पहिल्या रकान्यात प्रत्येक संख्येत ३ मिळवून उत्तर लिहा. दुसऱ्यात प्रत्येकीतून ३ वजा करा. तिसऱ्यात एकीत मिळवा, पुढच्या संख्येतून वजा करा, परत मिळवा, असं आलटून पालटून शेवटपर्यंत. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर तिन्ही वेळा टिपा. पहिल्या दोन वेळांची सरासरी काढा. तिसरा वेळ त्याहून जितका जास्त, तितकी तुमची खोटी. माझे रकाने ३६, ४१ आणि ५९ सेकंदांत झाले. म्हणजे एकोणीस वळणांना वीस सेकंदांच्या वर.

वळणामागं एक सेकंद, हे काय फार झालं? पण ही दोन्ही कामं तिसरीच्या लेकराला जमणारी होती, आणि वळण कधी येणार हेही आधीच ठाऊक होतं. पीकविमा आणि जातीचा दाखला यांच्यामधलं वळण एवढं सरळ नसतं.

आर्थर जर्सिल्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९२७ मध्ये अशाच याद्या देऊन ही खोटी मोजली होती. त्या मोजमापात एक गोम होती. मिश्र रकान्यात वळणाबरोबरच 'आता कोणती पाळी' हे ध्यानात ठेवायचं ओझंही धरलं जातं. १९९५ मध्ये रॉबर्ट रॉजर्स आणि स्टीफन मॉन्सेल यांनी ती गोम काढली. त्यांनी कामं जोडीजोडीनं दिली : दोनदा अक्षर ओळखा, मग दोनदा अंक ओळखा. जोडीतला पहिला प्रतिसाद, म्हणजे वळणावरचा, सावकाश यायचा. लगेचचा दुसरा झपाट्यानं. वळण्याआधी तयारीला सेकंदभर वेळ दिला तर खोटी कमी झाली, पण संपली मात्र नाही. 'मी मनाची तयारी करून ठेवते' हा उपाय म्हणून अर्धाच चालतो. खरी बचत वळणं कमी करण्यात आहे.

आता त्याच कागदावर चौथा रकाना करा. तिसऱ्यासारखाच आलटून पालटून, पण प्रत्येक संख्येसमोर आधीच +३ किंवा −३ लिहून ठेवा. वेळ बराच खाली येतो. १९७६ मध्ये स्पेक्टर आणि बीडरमन यांनाही हेच दिसलं होतं. हा चौथा रकाना लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

डोक्यात काय होतं

काम बदलताना मेंदूला दोन गोष्टी कराव्या लागतात. नव्या कामाचे नियम पुढं आणायचे आणि जुन्याचे मागं सारायचे. आपल्याला पहिलीच जाणवते. 'हां, आता हा अर्ज, याला काय काय लागतं' हे आपण मनात बोलतोसुद्धा. दुसरीबद्दल कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते खोटी जास्त तिथंच होते. ब्रिटनच्या अ‍ॅलन ऑलपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये हेच मांडलं : मागच्या कामाचे नियम काम संपलं तरी उतरत नाहीत, पुढच्या कामात लुडबूड करत राहतात. बैल वळले तरी मान जुन्या तासाकडंच.

हे सोडणं कपाळामागचा मेंदूचा भाग सांभाळतो. ब्रेंडा मिल्नर यांनी १९६३ मध्ये या भागाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना पत्ते लावायला दिले. रंग जुळवायचा नियम बसला की तो न सांगता बदलायचा, आता आकार जुळवायचा. दर पत्त्याला 'चूक, चूक' सांगूनही हे रुग्ण जुन्याच नियमानं पत्ते लावत राहिले. नवं कळत नव्हतं असं नाही, जुनं सुटत नव्हतं. मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लियाचाही यात हात असतो. पार्किन्सनमध्ये तिथं डोपामिन कमी पडतं आणि काम बदलणं जड जातं. घरात असं कुणी म्हातारं माणूस असेल तर 'उठा, चष्मा घ्या, गोळी घ्या' असं एका दमात सांगू नका. एक झालं की दुसरं सांगा.

मग अव्वा, म्हणजे आमची आई, भाकरी थापता थापता गप्पा कशा मारते? कारण भाकरी तिच्या हाताला इतकी बसली आहे की तिला नियम आठवावे लागत नाहीत. वाफ आणि वास तव्याचं काय चाललंय ते सांगतात. पण त्याच वेळी तिला भिशीचा हिशोब विचारा. हात परातीतच थांबतो, आणि तव्यावरची करपते. एक काम सवयीचं असेल तर दोन चालतात. दोन्हींना विचार लागत असेल तर मेंदू आळीपाळीनंच करतो, आपल्याला फक्त एकत्र केल्यासारखं वाटतं.

इथं कुणीतरी अष्टावधानींचं नाव काढणारच. आपल्या देगलूर-धर्माबादच्या पलीकडं तेलंगणात ही परंपरा अजून जिवंत आहे. नीट बघितलं तर अवधानीही आठ गोष्टी एकदम करत नाही. प्रश्न विचारणारे पाळीपाळीनं येतात. तो एकेकाला कवितेची एक ओळ देतो आणि पुढच्या फेरीत ती ओळ जिथं सोडली तिथूनच उचलतो. मधेच भलतंसलतं बोलून त्याला विचलित करायला एक माणूस मुद्दाम बसवलेला असतो. एका वेळी आठ कामं हे त्या विद्येचं मर्म नव्हे. सोडलेलं टोक पुन्हा नेमकं सापडणं, हे मर्म. ते वर्षानुवर्षांच्या सरावानं येतं. तुमच्या-माझ्यासाठी कागद-पेन्सिल आहे.

एक दिवस नुसत्या रेघा

उपाय करायच्या आधी एक दिवस काहीच बदलू नका, फक्त रेघा मारा. कीबोर्डशेजारी पाठकोरा कागद ठेवा. हातातलं काम अर्धं टाकून दुसरीकडं गेलात की एक रेघ. दुसऱ्या कुणी ओढलं तर उभी, आपणच गेलो तर आडवी. कारण लिहीत बसू नका, ते लिहिणं हेच आणखी एक वळण होतं.

माझ्या पहिल्या दिवशी उभ्या ५२ आणि आडव्या ३८ निघाल्या. उभ्या अपेक्षित होत्या, गिऱ्हाईकच ते. आडव्या बघून मात्र गप्प झाले. कुणी बोलावलं नसताना अडतीस वेळा मी स्वतःच उठून गेले होते : मोबाइल, 'अरे ते काल राहिलेलं', प्रिंटरची शाई, परत मोबाइल. कॅलिफोर्नियातल्या ग्लोरिया मार्क यांनी ऑफिसमधली माणसं दिवस-दिवस पाठीमागं बसून टिपली, तेव्हा त्यांनाही जवळजवळ निम्मे खंड माणसानं स्वतःच घातलेले दिसले. त्यांच्या २००८ च्या प्रयोगातली दुसरी गोष्ट माझ्या शंभर कामांच्या थकव्याचं कोडं सोडवते. व्यत्यय आलेली माणसं काम उलट लवकर संपवत होती, घाईघाईनं भरपाई करून. पण ताण, चिडचिड आणि दगदग जास्त. खोटी नेहमी घड्याळातच दिसेल असं नाही. ती अंगावरही निघते.

तास लांब करा

वळणं कमी करायची म्हणजे एका जातीची कामं एकापाठोपाठ लावायची. हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त 'एका जातीची' म्हणजे काय हे चुकतं. एका माणसाची चार कामं ही एका जातीची नव्हेत. त्याचा सातबारा, त्याच्या बायकोचं आधार आणि लेकीचा दाखला ही तीन वेगळी वावरं आहेत. चार माणसांचे सातबारे मात्र एकच तास. कसोटी एकच : नियम बदलतो का? तीच साईट, तीच कागदपत्रं, त्याच रकान्यांचा क्रम, तर तास एक.

मी आधी फळा लावला : सकाळी सातबारा-आठ अ, दुपारी दाखले, चारनंतर अंगठ्याची कामं. तीन दिवसांत फळा उतरवला. हंडरगुळीकडून पहिल्या एसटीनं आलेल्या म्हाताऱ्या मावशींना 'दाखले दुपारी' म्हणून कोण बसवून ठेवणार? कागदावर सुंदर दिसणारी वेळापत्रकं इथं मरतात, आणि मरावीतच.

चाललं ते वेगळंच. कागद घेणं आणि काम करणं यांची मी फारकत केली. माणूस आला की मदतनीस मुलगी लगेच कागद घेते, झेरॉक्स तपासते, मोबाइल नंबर लिहून घेते आणि चिठ्ठीवर वेळ टाकते. माणसाला वाटतं काम सुरू झालं, आणि ते झालेलंही असतं. माझ्याकडं मात्र कागद गठ्ठ्यानं येतात, एका वेळी एकाच जातीचा गठ्ठा. माझा तास साधारण अर्ध्या-पाऊण तासाचा चालतो. त्याहून लांब केला तर बाहेर गलका होतो. एकट्यानं दुकान चालवत असाल तर तासाच्या सुरुवातीची दहा मिनिटं फक्त कागद घ्या, मग मान खाली घाला. किराणा दुकानदार, मोंढ्यातला दिवाणजी, पतसंस्थेतला कॅशिअर, शिलाईवाल्या ताई, ज्यांच्यासमोर माणूस उभा असतो त्या सगळ्यांना ही फारकत जमण्यासारखी आहे. शिलाईत तर जुन्या बायका करतातच : आधी सगळी कापणी, मग सगळे काठ, मग सगळी काजं.

पीकविम्याच्या शेवटच्या आठवड्यात यातलं काहीच चालत नाही. तेव्हा एक कॉम्प्युटर फक्त विम्याला, बाकी सगळं दुसऱ्यावर. एवढंच.

ओटीपीची वाट बघण्याचे ते दोन-तीन रिकामे मिनिट ही सर्वांत फसवी जागा. वाटतं तेवढ्यात दुसरा अर्ज उघडावा. उघडू नका. त्या फटीत ज्याला नियम लागत नाही असंच काम घाला : टाचण्या मारा, शिक्के मारा, पाणी प्या.

सुटताना एक ओळ

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात एरिक आल्टमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सुमारे ३०० जणांना क्रमानं करायचं एक काम दिलं आणि मधे मधे अगदी छोटा अडथळा आणला. सरासरी २.८ सेकंदांच्या अडथळ्यानं क्रमातल्या चुका दुप्पट झाल्या, ४.४ सेकंदांच्या अडथळ्यानं तिप्पट. म्हणजे 'ताई, लाईट आहे ना?' एवढंच. चूक व्हायला फोनवरचं लांब बोलणं लागत नाही.

सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये याला नाव दिलं, ज्याला आपण लक्षाचा शेष म्हणू : माणूस पुढच्या कामाला लागला तरी लक्षाचा एक तुकडा मागच्या अर्धवट कामात अडकून राहतो. २०१८ मध्ये थेरेसा ग्लोम यांच्याबरोबर त्यांनी उपायही तपासला. मधेच उठावं लागलं तर काम कुठं आलंय आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, एवढं मिनिटभरात लिहून ठेवायचं. तसं करणाऱ्यांचं मधलं काम जास्त चांगलं झालं. लिहिल्याचा फायदा परत आल्यावर होतो हे कुणालाही पटेल. तो आधीच, मधल्या कामातही होतो, ही त्यातली गंमत.

माझ्या काउंटरवर ते असं चालतं. कुणी हाक मारली की मान वर करायच्या आधी डावा हात वर, तळवा पुढं : 'थांबा, एवढी ओळ.' लोक थांबतात. पहिल्या आठवड्यात एकदोघांना तुसडेपणा वाटला, आता सगळे सरावलेत. मग हातातला आकडा पूर्ण करायचा. बारा अंकी आधार नंबर सातव्या अंकावर कधीही सोडायचा नाही, रकाना संपला की थांबायचं. मग चिठ्ठी. चिठ्ठीवर काय झालं ते लिहायचं नाही, पुढं काय करायचं ते : 'गट ११४, क्षेत्र टाकायचं, मग बँक पासबुक.' मग मान वर, "हां मामा, बोला." परत आल्यावर चिठ्ठी मोठ्यानं वाचायची, बोट स्क्रीनवर ठेवून एक रकाना मागं जायचं आणि तिथून धरायचं. हे एक रकाना मागं जाणं विसरू नका. अप्पाही वळल्यावर औत धुऱ्याला चिकटूनच धरायचे, नाहीतर टोकाची पट्टी तणाची राहते.

फोन? तो वाजू द्या. नंतर लावता येतो.

कामानंच सांगावं, मी कोण

चौथा रकाना आठवा. जर्सिल्ड यांनी एका यादीत संख्या आणि शब्द आलटून पालटून दिले होते, संख्या आली तर गणित, शब्द आला तर उलट अर्थाचा शब्द. तिथं खोटी जवळपास उरलीच नाही. संख्या बघितली की गणितच आठवतं, दुसरं काही करायचा मोहच होत नाही. गोंधळ तेव्हा होतो, जेव्हा एकच वस्तू दोन कामांना बोलावते.

म्हणून कामांना चेहरे द्या. माझ्याकडं महसुलाचे कागद हिरव्या ट्रेमध्ये, दाखल्यांचे पिवळ्या, बँक-आधारचे लाल. ब्राउझरच्या खिडक्याही वेगळ्या, प्रत्येकीचा रंग ट्रेसारखाच. दाखले मी डावीकडच्या कॉम्प्युटरवरच करते. आता तिकडच्या खुर्चीत बसलं की दाखल्याला काय लागतं ते हातालाच आठवतं. घरून काम करणाऱ्यांनी हिशोबाला वेगळं टेबल नसेल तर निदान वेगळी सतरंजी तरी ठेवावी.

आणि मोबाइल इतका का घात करतो तेही यातून कळतं. तीच काच, तोच अंगठा, त्यातच बँक, भावकीचा ग्रुप, मोंढ्याचा सोयाबीनचा भाव आणि रील. त्या वस्तूला स्वतःचं कामच नाही, ती सगळ्यांनाच बोलावते.

अवघडानंतरचं सोपं

आता ती चूक. एका शेतकऱ्याचा वारस नोंदीचा किचकट अर्ज होता : चार भाऊ, दोन बहिणी, एका नावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हांचं. पाऊण तास गेला, पण एकही चूक झाली नाही. त्याच्या मागं दुसऱ्याचा साधा पीकविम्याचा अर्ज, शंभरदा भरलेला. तिथं मी गट ११४ ऐवजी १४१ टाकला. मुदतीच्या आत लक्षात आलं म्हणून निभावलं. तरी त्या माणसाला दोनदा हेलपाटा पडला, आणि तो काहीच बोलला नाही हेच जास्त लागलं.

इतक्या सोप्या ठिकाणी कशी चुकले? ऑलपोर्ट यांच्या कामातच याचं उत्तर निघालं. अवघडाकडून सोप्याकडं वळण्याची खोटी कित्येकदा उलट वळणापेक्षा मोठी असते. अवघड काम करताना सोप्याची सवय जोर लावून दाबून धरावी लागते. वळलो तरी तो दाब लगेच सुटत नाही.

उदगीरच्या माणसाला याचा रोजचा पुरावा आहे. आमच्या घरी कानडी, शाळा मराठी, काउंटरवर मराठी आणि दखनी हिंदी. दखनीत बराच वेळ बोलून झालं आणि एकदम अव्वाचा फोन आला की पहिलं कानडी वाक्य अडखळतं, जन्माची भाषा असून. रेनाटा मॉयटर आणि ऑलपोर्ट यांनी १९९९ मध्ये दुभाषी लोकांना अंक वाचायला लावून हेच मोजलं. कच्च्या भाषेतून पक्क्या भाषेत येताना खोटी जास्त होते.

म्हणून अवघड काम संपल्यावर पहिलं सोपं काम दोनदा तपासा. मी तर आकडे गिऱ्हाइकाकडूनच मोठ्यानं वाचून घेते. आणि जमेल तर अवघडानंतर सोपं नव्हे, रिकामं काहीतरी घाला : दाराशी जाऊन या, चहा सांगा.

लातूरला शिकणाऱ्या लेकरांसाठी

माझा भाचा लातूरला नीटच्या क्लासला आहे. खोलीत सहा पोरं, सगळ्यांच्या उशाशी फोन. २०१५ मध्ये स्टोथार्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फोनला हात न लावता नुसती नोटिफिकेशनची थरथर जाणवली तरी लक्षाच्या कामात चुका वाढतात. उपाय साधा आहे : अभ्यासाला बसताना फोन दुसऱ्या खोलीत. खोली एकच असेल तर घरमालकाकडं.

पण इथं एक उलटी गोष्ट आहे. सगळी वळणं वाईट नसतात. २००७ मध्ये रोहरर आणि टेलर यांनी विद्यार्थ्यांना घनफळाची गणितं दोन पद्धतींनी दिली. काहींना एकेका प्रकाराची सलग, काहींना सगळे प्रकार मिसळून. सराव करताना सलगवाले पुढं होते, ८९ टक्के बरोबर. मिसळवाले ६०. आठवड्यानं परीक्षा घेतली तेव्हा मिसळवाले ६३ टक्क्यांवर आणि सलगवाले २० वर. सलग सोडवताना 'कोणतं सूत्र' हा प्रश्नच पडत नाही. परीक्षेत नेमका तोच पडतो.

तेव्हा नवीन धडा शिकताना तास लांब ठेवा. धडा समजला की उजळणीत मात्र प्रकार मिसळा, कालचं, मागच्या महिन्याचं आणि आजचं एकत्र. मार्क कमी दिसतील, घाबरू नका. २०२५ च्या नीटला १८० प्रश्नांना १८० मिनिटं होती. तिथं भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र एकेका गठ्ठ्यानंच सोडवा, पण विषयाच्या आतली वळणं टळत नाहीत. त्यांचाच सराव हवा. अडलेल्या प्रश्नाशेजारी पेन्सिलीनं एक शब्द लिहूनच पुढं जा. तीच काउंटरवरची चिठ्ठी.

जिथं वळायचंच नाही

काही जागांना उपाय लागू नाहीत, तिथं सरळ मनाई. गाडी चालवताना फोन : रेडेलमायर आणि टिबशिरानी यांच्या १९९७ च्या अभ्यासात अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला. हेडफोन लावून हात मोकळे ठेवले तरी फायदा दिसला नाही, कारण अडकलेला असतो तो मेंदू. औषध मोजणाऱ्या नर्सला किंवा मेडिकलवाल्याला हाक मारू नका. ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयांमध्ये २०१० मध्ये हे मोजलं गेलं, तेव्हा औषध देताना येणाऱ्या प्रत्येक व्यत्ययामागं उपचारातल्या चुका १२.७ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. फवारणीचं औषध कालवताना शेतकऱ्यानं फोन उचलू नये. अमेरिकेत १९८१ पासून नियम आहे की विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना वैमानिकांनी उड्डाणाशिवाय दुसरं काही करायचं नाही. पैसे मोजताना आणि ओटीपी सांगताना माझं काउंटर दहा हजार फुटांच्या खाली असतं. तेव्हा गावातला आमदार आला तरी तळवा वर.

पंधरा दिवसांनी परत एक दिवस रेघा मारा. रकान्यांची परीक्षाही परत द्या, पण तिच्याकडून फार आशा ठेवू नका. माझे ५९ सेकंद ५६ झाले, बस्स. बैल त्याच चालीनं वळतात. रेघा मात्र उभ्या ३१ आणि आडव्या ११ वर आल्या.

रात्री एक काम उरतं. अर्धवट राहिलेली कामं घरी सोबत येतात, जेवतानाही. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की राहिलेलं काम पूर्ण केलं नाही, नुसतं कधी-कसं करायचं ते ठरवून लिहिलं, तरी त्याची टोचणी थांबते. म्हणून शटर ओढायच्या आधी शेवटची चिठ्ठी लिहून कीबोर्डवर ठेवते. आजची अशी आहे : 'सकाळी पहिलं, पिवळा ट्रे, वरून तिसरा कागद, फोटो उलटा लागलाय. शाई आणायची. अप्पांना फोन.'